स्टॉकहोमची झाडं कुणी वाचवली?

परदेशातल्या चांगल्या शहराचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'तिथले लोकच मुळात शिस्तीचे!' या वाक्यानं चर्चा संपते आणि आपली जबाबदारीही. ऑगस्टच्या अखेरीस मी एकटीच स्टॉकहोमला गेले, आठवडाभर मैत्रिणीच्या घरी राहिले आणि या वाक्यावरचा माझा उरलासुरला विश्वास उडाला. ते शहर तिथल्या लोकांना स्वभावगुणानं मिळालेलं नाही. त्यांनी ते भांडून, मतदान करून आणि कर भरून मिळवलं आहे.

माझी मैत्रीण तरुणपणी पुण्यात शिकायला होती आणि कोथरूडला आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. आता ती आणि तिचा नवरा सोडरमाल्म बेटावर दोन खोल्यांत राहतात. 'एवढ्या लांब एकटी जातेस, टूरबरोबर जा की,' असं घरच्यांनी सुचवलं होतं. टूरबरोबर गेले असते तर राजवाडा आणि नगरभवन नक्की दिसलं असतं. वासा जहाजाचं संग्रहालय तर मी पाहिलंच. 1628 साली पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि 1961 साली वर काढलेलं ते जहाज चुकवू नये असंच आहे. बाकीचा आठवडा मात्र या दोघांच्या रोजच्या वाटांवर गेला आणि शहर मला तिथे समजलं.

पहिल्याच संध्याकाळी मैत्रीण मला इमारतीच्या तळघरात घेऊन गेली. कपडे धुण्याची खोली तिथे सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक. भिंतीवर तारखा आणि वेळांचा फळा, प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप. हव्या त्या वेळेच्या भोकात आपलं कुलूप लावायचं, की ती वेळ आपली. वेळ संपली की यंत्राची जाळी साफ करायची, फरशी पुसायची आणि निघायचं. जाळी कुणी साफ केली नाही तर दारावर चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठीची भाषा बरीच कडक असते. 'इथे भांडणं होतात,' ती म्हणाली, 'म्हणून तर नियम आहेत.' 1923 साली स्थापन झालेल्या एचएसबी या गृहनिर्माण सहकारी संस्थेनं अशा सामायिक धुलाईखोल्या बांधायला सुरुवात केली. हात झिजवणारं बायकांचं काम हलकं झालं, आणि घर लहान असलं तरी सोयी कमी पडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतलेले लोक लोंगहोल्मेन बेटाच्या काठावरून सरळ पाण्यात उड्या मारत होते. ऐन राजधानीत, मेलारेन तलावात! याच तलावाचं पाणी शुद्ध करून शहर पितं. मैत्रिणीचा नवरा सांगत होता, त्याच्या आजोबांच्या काळात शहराच्या मध्यात पोहण्याचा विचारही कुणी करत नसे. डोंगर पोखरून आत बांधलेलं हेन्रिक्सदालचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र 1941 साली सुरू झालं, त्यात पुढे पिढ्यान्‌पिढ्या भर पडत गेली. आज संसदेजवळच्या प्रवाहात कुणीही गळ टाकून फुकट मासे धरू शकतो. सालमनसुद्धा!

आठवड्यातली सगळ्यात मोलाची सकाळ मैत्रिणीच्या मावशीबरोबर गेली. ऐंशी पार केलेली ही बाई चाकांच्या वॉकरचा आधार घेऊन आम्हाला कुंग्सत्रेदगोर्देन या मध्यवर्ती बागेत घेऊन गेली. तिथे एल्मची जुनी झाडं आहेत, त्यांच्या सावलीत चहाचं छोटं दुकान. 1971 साली मेट्रोच्या प्रवेशद्वारासाठी ही तेरा झाडं तोडायचं ठरलं होतं. मे महिन्यात एका रात्री करवती आल्या आणि लोकही आले. काही जण झाडांवर चढून बसले, खाली हजारो लोक उभे राहिले. पोलिसांशी झटापट झाली, बुंध्यांवर करवत चाललीसुद्धा. मावशी त्या गर्दीत होती. शेवटी नगरपालिकेला माघार घ्यावी लागली.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मेट्रो रद्द झाली नाही. प्रवेशद्वार दुसरीकडे हलवलं गेलं आणि 1977 साली स्थानक सुरू झालं. लोकांना गाडी मिळाली, झाडंही राहिली. 'विकास हवा की झाडं' हा प्रश्नच खोटा होता, हे तेरा झाडांनी सिद्ध केलं.

गर्दीच्या वेळी शहरात येणाऱ्या मोटारींवरच्या कराचीही हीच कथा. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते. 2006 च्या जानेवारीपासून सात महिने प्रयोग झाला आणि हद्दीवरची वाहतूक साधारण एक पंचमांशानं घटली. सप्टेंबरात सार्वमत घेतलं, शहरानं थोड्या फरकानं होकार दिला आणि 2007 च्या ऑगस्टपासून कर कायमचा झाला. आधी करून दाखवलं, मग विचारलं. लोकांना ऐकीव भीतीवर मत द्यावं लागलं नाही.

स्टॉकहोम स्वर्ग नाही. मध्यवस्तीत भाड्याचं घर मिळवायला नगरपालिकेच्या रांगेत दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. मैत्रिणीची मुलगी म्हणूनच दूरच्या उपनगरात राहते. रिंकेबी, तेन्स्तासारख्या भागांत बाहेरून आलेली कुटुंबं एकवटली आहेत आणि मध्यवस्तीशी त्यांचं अंतर मेट्रोच्या वीसेक मिनिटांपेक्षा फार मोठं आहे. माझ्या यजमानांनी हे लपवलं नाही, उलट मला मुद्दाम तिकडे नेलं. आपल्या शहराची उणीव पाहुण्याला दाखवणारी माणसंच ते शहर सुधारू शकतात, असं मला वाटतं.

मी पुणेकर आहे. वेताळ टेकडीवर रोज सकाळी जाणाऱ्यांपैकी एक. बालभारती ते पौड फाटा रस्त्यासाठी ही टेकडी फोडू नका म्हणून जे लोक रस्त्यावर उतरले, त्यांत मीही होते. अशा लोकांना आपल्याकडे चटकन 'विकासाच्या आड येणारे' ठरवलं जातं. रस्ता दुसरीकडून नेता येईल का, बस वाढवून गर्दी कमी होईल का, या प्रश्नांवर मात्र तितक्या चटकन कुणी बोलत नाही. मुळा-मुठेत आजही सांडपाणी जातं आणि काठ सजवण्याची चर्चा मात्र जोरात चालते. स्टॉकहोमनं आधी पाणी स्वच्छ केलं. काठावर माणसं मग आपोआप आली.

आपल्यापाशी पैसा कमी आहे, लोकसंख्या जास्त आहे, हे खरं. पण हरकत नोंदवायला पैसा लागत नाही. विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा त्यावर हरकती-सूचना देण्याचा हक्क कायद्यानं प्रत्येक नागरिकाला आहे. आपल्यातले किती जण तो वापरतात? सोसायटीच्या सभेला किती जण येतात? नगरसेवकाला नदीबद्दल लेखी प्रश्न किती जण विचारतात?

परदेशी शहर जरूर पाहावं, शक्य तर तिथल्या माणसांच्या घरी राहून पाहावं. पण परतल्यावर त्या लोकांच्या शिस्तीचं कौतुक सांगत बसू नये. तुमच्या प्रभागात पुढची हरकतींची नोटीस निघेल तेव्हा ती शेवटपर्यंत वाचा, आणि मुदत संपण्याआधी आपली हरकत सहीनिशी दाखल करा.