दोषावाचून फारकत

नवराबायकोचे पटत नाही, कैक वर्षे दोघे दोन गावी राहतात, तरी कायद्याच्या दप्तरी त्यांचे लग्न जिवंतच असते. ते मोडावे असे एकास वाटले, तर सन १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचे १३ वे कलम त्यास प्रथम विचारते की, समोरच्याचा अपराध कोणता? व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, सात वर्षे बेपत्ता असणे इत्यादि कारणांपैकी एखादे शाबीत झाले तर सुटका, एरवी नाही. शाबीत करणे म्हणजे काय, हे ज्यांनी कुटुंब न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्यांस सांगावयास नको. शयनगृहातील गोष्टी वकिलांच्या तोंडी होतात, शेजारी साक्षीदार होतात, आणि जेथे नुसती मने विटली होती तेथे अर्जात क्रौर्य लिहावे लागते.

सन १९७६ मध्ये १३-ब हे कलम आले व परस्परसंमतीची वाट उघडली. एक वर्ष विभक्त राहिलेल्या उभयतांनी मिळून अर्ज करावा. दोष कोणाचा, हे कोणी विचारीत नाही. वाट चांगली, पण तिच्या दारास दोन किल्ल्या लागतात. निकालापूर्वी एकाने संमती मागे घेतली की दार बंद. मग ती संमती विकाऊ होते. नवरा म्हणतो, पोटगी सोड, मग सही करतो. क्वचित् उलटही घडते.

आमच्या व्यापारी वाचकांस एक दाखला देतो. मुदत न ठरविलेली भागीदारी मोडण्यास, सन १९३२ च्या कायद्याप्रमाणे, एका भागीदाराची लेखी नोटीस पुरते. दुसरा चोर आहे असे सिद्ध करावे लागत नाही. कोणी म्हणेल, विवाह हा संस्कार आहे, दुकान नव्हे. मान्य. परंतु काडीमोड व पाट ही महाराष्ट्रातील कित्येक जातींत जुनीच चाल होती, आणि हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये व मुंबई इलाख्याने १९४७ मध्ये केला, हेही विसरू नये.

खरी हरकत निराळी आहे, व ती आम्ही हलकी मानीत नाही. दुकान मोडताना हिशेब होतो. बायकोने संसारात घातलेली वीस वर्षे कोणत्या खात्यावर लिहावयाची? एकाच्याच इच्छेने फारकत मिळू लागली, तर मिळवता नवरा सुटेल आणि ती उघड्यावर पडेल. म्हणूनच २०१० च्या दुरुस्ती विधेयकात, तीन वर्षे विभक्त राहिल्यावर विवाह भंगला म्हणून अर्ज करण्याची मुभा देताना, भारी आर्थिक विपत्ती ओढवणार असल्यास पत्नीस विरोधाचा अधिकार ठेवला होता. राज्यसभेने ते २०१३ मध्ये मंजूर केले. लोकसभेत मात्र ते पडून राहिले व गळाले.

पुढे १ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निर्णय दिला की, विवाह पुन्हा न जुळण्याइतका मोडला असेल तर, एका पक्षाचा विरोध असला तरी, घटनेच्या १४२ व्या कलमान्वये आपणांस घटस्फोट देता येतो. हा अधिकार त्या एकाच न्यायालयाचा, तोही त्याच्या मर्जीचा. सांगलीच्या वा जळगावच्या न्यायाधीशास तो नाही. जिला महिन्याची पोटगीच वेळेवर मिळत नाही, तिने दिल्लीपर्यंत कोणाच्या पैशाने जावे? ते विधेयक, पत्नीच्या हिश्शाच्या पक्क्या तरतुदीसह, संसदेने पुन्हा हाती घ्यावे.