टेम्पोचा विमा आहे हो, पण पंगतीचा?

मंडळी, लग्नसराई तोंडावर आली की आमच्या नात्यातल्या केटरिंगवाल्यांशी माझं एक ठरलेलं भांडण होतं. यंदा ते इथेच करून टाकते, म्हणजे प्रत्येकाला वेगळा फोन नको.

विमा सगळ्यांकडे असतो. टेम्पोचा असतो, गोडाऊनचा असतो, काहींचा तर पातेल्यांचाही असतो. एजंट सांगतो, "काका, सगळं कव्हर आहे." सगळं म्हणजे तुमचं स्वतःचं सगळं! 2021 पासून छोट्या धंद्यांसाठी मिळणारी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' घ्या. आग, पूर, वादळात तुमच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर ती कामाची. पण तुमच्या बासुंदीने चाळीस वऱ्हाडी दवाखान्यात गेले तर त्या पॉलिसीचा काही उपयोग नाही.

"आपले घरचे संबंध, कोण कोर्टात जातंय?" हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. संबंध यजमानांशी असतात. पंगतीत बसलेल्या व्याह्यांच्या साडूशी तुमचे कसले संबंध? अन्नसुरक्षा कायदा, 2006 चं कलम 65 वाचा एकदा. असुरक्षित अन्नाने माणूस दगावला तर किमान 5 लाख, गंभीर इजेला 3 लाखांपर्यंत, बाकी इजेला 1 लाखापर्यंत भरपाई. प्रत्येकी! चाळीस जणांचा गुणाकार तुम्हीच करा. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आयोगाकडे जायची वाट मोकळी आहेच. आणि धंदा एकट्याच्या नावावर असेल तर देणं दुकानापाशी थांबत नाही, राहत्या घरापर्यंत येतं.

बरं, समजा पटलं. की लगेच पहिला प्रश्न, "प्रीमियम किती?" अहो, आधी हे विचारा की सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीत अन्नातून झालेली बाधा धरली आहे का? पुष्कळदा ती वेगळी मागून घ्यावी लागते. नाहीतर मांडव कोसळला तर पैसे, आणि पनीर नासलं तर ठणठणगोपाळ. मग मर्यादा पाहा. एका घटनेला 25 लाख आणि पूर्ण वर्षालाही 25च, असं असेल तर पहिल्याच लग्नात पॉलिसी रिकामी होऊ शकते. मेच्या तारखा तुमच्या तुम्ही बघा. वकिलाची फी त्याच रकमेतून जाते का, हेही विचारा. आणि अशा पॉलिसी बहुतेक वेळा दावा मुदतीत आला तरच चालतात, म्हणून "यंदा धंदा कमी आहे" म्हणून नूतनीकरण सोडलंत तर मागच्या वर्षीच्या लग्नाची नोटीस एकट्यानेच वाचायची.

वाढप्यांचं तर विचारूच नका. कागदावर पाच पोरं, मांडवात पंचवीस. उकळतं तेल ज्याच्या पायावर सांडेल तो नेमका त्या पाचांतलाच असेल, असं कोणी सांगितलंय?

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना फार जड जाते. काही झालं की आपण हात जोडून धावतो, "चूक आमचीच, काय ते देतो." माणुसकी म्हणून ठीक आहे. पण कंपनीला न कळवता चूक कबूल केली किंवा रक्कम ठरवली, तर दावा नाकारायला तिच्या हाती कलम आयतंच मिळतं. पेशंटची विचारपूस जरूर करा, डबाही न्या, पण आकडा बोलायच्या आधी कंपनीला लेखी कळवा.

दंड मात्र विमा भरत नाही हं. परवाना संपलेला असेल तर तो आजच बघा. कुणाकडे पॉलिसीचा कागद पडून असेल तर स्कॅन करून मेल करा, अपवादांचं पान आपण बरोबर वाचू.