१५८२ चा काटा आणि १९३६ ची खिडकी

१/ पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी ‘तूर दार्जां’ हे विख्यात रेस्टॉरंट आहे. वरच्या मजल्यावरील भव्य काचांतून नोत्र-दामची पिछाडी दिसते. स्थापना १५८२, असे हे घराणे सांगते. फ्रान्सचा राजा तिसरा आँरी याने काट्याने जेवण्याची रीत इथेच पाहिली, अशी कथाही जोडीला असते. इतिहासप्रेमी म्हणवणारे लोक हे साल निःशंकपणे पुढे पाठवतात. ही इतिहासाची सेवा नव्हे, जाहिरातीची आहे.

२/ कारण १५८२ मध्ये रेस्टॉरंट ही संस्थाच नव्हती. सराया होत्या, मद्यगृहे होती. तिथे ठरावीक वेळी, सामायिक मेजावर, यजमान वाढेल ते खावे लागे. ‘रेस्टॉरंट’ हा शब्द मुळात जागेचा नव्हेच, पदार्थाचा: अशक्त माणसाला तरतरी आणणारा मांसाचा कढ. १७६० च्या दशकात मातुरँ रोझ द शांत्वाझो याने पॅरिसमध्ये हा कढ देणारे दालन उघडले. अशा दालनांतूनच आपल्या सोयीच्या वेळी यावे, वेगळ्या मेजावर बसावे, यादीतून पदार्थ निवडावा आणि त्याचेच पैसे द्यावेत, ही रीत रुजली. आज इतकी स्वाभाविक वाटणारी गोष्ट कोणाला तरी प्रथम सुचावी लागली होती. १५८२ चा जप करणारे तिचे श्रेय पुसून टाकतात.

३/ त्या जागी एखादी सराई असेलही. मग ते वय सराईचे.

४/ काट्याचे काय? आँरीच्या दरबारातील काट्यांची खिल्ली उडवणारे एक उपहासात्मक पुस्तक १६०५ मध्ये निघाले. त्यात चेष्टा आहे ती दरबाराची.

५/ गंमत अशी की या घराण्याला नोंदी ठेवण्याचे वावडे नाही. फ्रेदेरिक देलेर याने १८९० पासून वाढलेल्या प्रत्येक बदकाला क्रमांक दिला. हाडांचा सांगाडा यंत्रात दाबून काढलेल्या रक्तरसाचा रस्सा ही त्या पदार्थाची ख्याती. २००३ मध्ये हा क्रमांक दहा लाखांवर पोहोचला. बदकांचा हिशेब इतका चोख, आणि १५८२ साठी मात्र एक अस्सल कागद पुढे येत नाही! बखरीला दप्तराचा आधार मागणाऱ्या वाचकांनी इथेही तोच मागावा.

६/ आणि ज्या देखाव्यासाठी लोक घसघशीत पैसे मोजतात, तो कोणत्याही आँरीने या मेजावरून पाहिलेला नाही. भोजनदालन वरच्या मजल्यावर गेले ते १९३६ मध्ये, आंद्रे तेराय यांच्या काळात.

७/ दंतकथा केवळ याच घराची नाही. पहिले रेस्टॉरंट १७६५ मध्ये बुलांजे नामक माणसाने काढले आणि मेंढीच्या पायांच्या पदार्थावरून त्याच्यावर खटला झाला, हेही पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. रेबेका स्पँग यांनी दप्तरे धुंडाळली. खटल्याचा माग लागला नाही. रोझचा मात्र लागतो. १७६९ च्या व्यापारी पंचांगात त्याने स्वतःचीच जाहिरात केली आहे. जाहिरातच ती, पण तारखेची आणि छापील.