माणसं टिकत नाहीत, की आपण बोलत नाही?

खोपटला एसटी स्टँडजवळ माझं बॅगांचं दुकान आहे, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. नव्यांसाठी सांगतो: ट्रॉली, सॅक, शाळेची दप्तरं आणि आत कोपऱ्यात चेन, चाकं दुरुस्त करायचं एक टेबल. बॅचमध्ये सुरुवातीला सगळे भांडवल, जीएसटी, माल कुठून उचलायचा हेच विचारतात. दुकान वर्षभर चाललं की मात्र प्रत्येक जण एकाच वाक्यावर येतो. "सर, माणसं टिकत नाहीत हो."

आज त्या वाक्यावर बोलायचंय. आणि आधीच सांगून टाकतो, मला ते पटत नाही. मी स्वतः ते काही वर्षं सगळ्यांना ऐकवलंय, म्हणून जास्तच पटत नाही.

माझ्याकडचा पहिला मुलगा डोंबिवलीहून यायचा. ओळखीतून आलेला, वीस-एकवीसचा, हात एकदम साफ. तुटलेला रनर पाच मिनिटांत बदलायचा. एसटी स्टँडजवळ याची किंमत काय असते ते बघा. माणसाची गाडी दहा मिनिटांत सुटणार असते, बॅग उघडी पडलेली असते, तो घासाघीस करत नाही. वर पुढच्या वेळी बॅग घ्यायला आपल्याकडेच येतो. असा मुलगा जूनमध्ये, दप्तरांच्या ऐन सिझनला, पगार घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाही. फोन बंद.

मी महिनाभर आल्यागेल्याला सांगत होतो, आजकालच्या पोरांना कष्ट नकोत.

वर्षभराने तो ठाणे स्टेशनला भेटला. एका मोठ्या दुकानात लागला होता, पगार माझ्यापेक्षा हजारभरच जास्त. मी विचारलं, अरे सांगून तरी जायचंस. तो म्हणाला, "दादा, तुम्ही मला काय हवंय ते एकदाही सांगितलं नाहीत. गिऱ्हाईकांसमोर मात्र रोज सांगायचात."

खरं होतं. तो रोज वीस मिनिटं उशिरा यायचा आणि मी समोर गिऱ्हाईक असताना म्हणायचो, "या साहेब, झाली का झोप?" गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचो. तो सकाळी धाकट्या बहिणीला शाळेत सोडून निघायचा हे मला त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, साडेनऊला तो मला हवा कशाला होता? सकाळचा पहिला तास आमच्याकडे झाडलोट आणि चहा. गर्दी होते संध्याकाळी, रात्रीच्या गाड्यांच्या आधी. तो साडेदहाला आला असता आणि रात्री अर्धा तास जास्त थांबला असता, तर धंदा माझाच वाढला असता. पण दुकान साडेनऊला उघडतं म्हणजे माणूस साडेनऊला हवा, इतकाच माझा विचार.

मी बीबीए केलंय. मॅकग्रेगरची थिअरी एक्स आणि थिअरी वाय, १९६० ची, परीक्षेत लिहून आलोय. एक्स म्हणजे माणूस मुळात आळशी समजून त्याच्यावर पहारा ठेवणारा मालक, वाय म्हणजे माणसाला जबाबदारी दिली की तो ती घेतो असं मानणारा. पेपरात वाय लिहिला आणि गल्ल्यावर बसल्याबरोबर एक्स झालो. हे तुमचंही होणार आहे, तयारी ठेवा.

लीडरशिपवर बोलायचं म्हटलं की आमची ट्रेनर मंडळी लगेच अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये जातात. मी बेळगावातल्या सायकलच्या दुकानात जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. बढती नाकारली गेली, त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात उतरले. म्हणजे आपल्या भाषेत तेही 'न टिकलेला माणूस'च! पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० मध्ये औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्या वाडीतल्या दोन गोष्टी मी बॅचमध्ये नेहमी सांगतो. एक, रात्रीच्या राखणीला त्यांनी तुरुंगात जाऊन आलेली माणसं ठेवली. आपण गल्ल्यावर बसवायला 'ओळखीतला' शोधतो आणि ओळखीतला म्हणून त्याच्याशी कामाचं स्पष्ट बोलत नाही, मामाला वाईट वाटेल म्हणून. किर्लोस्करांनी उलट केलं. माणूस कुठून आला ते माहीत असताना त्याच्या हातात विश्वासाचं काम दिलं. दुसरी गोष्ट, १९२० मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' नावाचं पत्र निघालं. पुढे त्याचं मोठं मासिक झालं, पण सुरुवात कारखान्याच्या बातम्यांपासून होती. नांगर आणि पंप बनवणाऱ्यांना छापून सांगायची गरज वाटली, आणि आपल्याला दोन माणसांच्या दुकानात तोंडाने सांगायचा कंटाळा. 'त्यात काय सांगायचं, एवढं कळायला नको?' नाही कळत हो. तुमच्या डोक्यात दुकान पाच वर्षं आहे, त्याच्या डोक्यात पाच दिवस.

म्हणून माझा आग्रह असा, की माणूस शोधायच्या आधी एक पानभर लिहा. दुकान उघडल्यावर काय करायचं, दुपारी जेवायला कोण कधी जाणार, गिऱ्हाईकाने माल परत आणला तर तो स्वतः किती रुपयांपर्यंत निर्णय घेऊ शकतो. हा शेवटचा मुद्दा मालक कधीच लिहीत नाहीत. मग प्रत्येक वेळी तो तुम्हाला फोन करतो आणि तुम्ही वैतागता, की याला डोकंच नाही. पगाराची तारीख आणि आठवड्याची सुट्टीही त्याच पानावर. ट्रायल घ्यायची तर दोन-तीन दिवस जरूर घ्या, पण त्या दिवसांचे पैसे द्या. फुकट ट्रायल घेणारा मालक कसा आहे, ते समोरच्याला पहिल्याच दिवशी कळतं.

सुट्टीवरून आठवलं. २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आला तेव्हा दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला नोंदणीतून मोकळीक मिळाली, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी, हे नियम तेव्हा मोठ्यांसाठी होते. लहान दुकानदारांनी याचा अर्थ 'आपल्याला काही लागू नाही' असा लावला. पहिली गोष्ट, किमान वेतनाचा कायदा वेगळा आहे आणि तो तुम्हालाही लागू होतो. दुसरी, दिवसभर उभं राहून पाय सगळ्यांचेच दुखतात. मी अर्धा तास विश्रांती आणि बुधवारची सुट्टी ठेवली आहे. धंदा बुडालेला नाही.

आणि कृपा करून 'आपण सगळे एक फॅमिली आहोत' हे इंटरव्ह्यूत म्हणू नका. मी म्हणायचो. त्याचा अर्थ व्हायचा, रात्री दहापर्यंत थांब आणि जादा पैसे मागू नकोस. फॅमिली असती तर बहिणीची शाळा मला माहीत असती.

टोमणा मी बंद केला, हे लिहायला सोपं आहे. सवय अजून येते अधूनमधून. नियम एवढाच केलाय, की चूक आतल्या टेबलापाशी सांगायची, त्याच दिवशी, आणि चांगलं काम केलं तर गिऱ्हाईकासमोर. ऑर्डर उलटी करायला मला सहा महिने लागले.

सध्या दुकानात दोघं आहेत. एक ताई आहेत, कळव्याहून येतात. गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही मोठ्या ट्रॉल्या वरच्या रॅकवर ठेवता. माझा हात पोचत नाही, मग गिऱ्हाईक म्हणतं राहू द्या." सात वर्षं त्या ट्रॉल्या तिथेच होत्या. माझा हात पोचतो, म्हणून मला कधी दिसलंच नाही. आधीच्या माणसांनाही दिसलं असेल, पण माझ्याशी कोण बोलणार? मंगळवारी रात्री दुकान बंद झाल्यावर तिघांनी मिळून रॅक खाली घेतले. आता दप्तरं वर गेली आहेत, जूनमध्ये ती पुन्हा खाली आणावी लागतील.