विषाआधी उतारा

मंडळी, भस्मासुराची गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म, एवढंच त्याने मागून घेतलं. स्वतःपुरता उतारा मागायचं काही सुचलं नाही! मी बी. ए. झालेली, तेही मराठी माध्यमातून. पण वाचून वाचून माझं मत झालंय की आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू त्याच्यापेक्षा शहाणा.

१९२५ साली बेल्जियममध्ये आंद्रे ग्रासिया यांना दिसलं, की ई. कोलायचा एक वाण दुसऱ्या वाणाला मारणारं काहीतरी सोडतो. अशा विषांना पुढे कोलिसिन म्हणू लागले. त्यातली काही शत्रूचा डीएनए तोडतात. पण डीएनए तर विष बनवणाऱ्याच्या पोटातही असतो! म्हणून विषाबरोबरच एक छोटं प्रथिन तयार होतं आणि विषाला असं घट्ट चिकटतं की ते गप्प. शत्रूच्या दारात हे प्रथिन गळून पडतं. (विष बाहेर सोडताना बनवणारी पेशी बहुधा फुटून मरतेच. वाचतात ती तिची भावंडं, कारण उतारा त्यांच्याकडेही असतो.)

मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसची तऱ्हा आणखी गमतीची. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शाट्झ यांनी याच्यापासून क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं. हा पठ्ठ्या ते घरात असेपर्यंत त्याला फॉस्फेटचं कुलूप लावतो, बाहेर गेल्यावर काढतो.

आता माझा मुद्दा. औषधांना न जुमानणारे जंतू 'हल्लीच' निपजले, असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. शस्त्र आपण ज्यांच्याकडून उसनं आणलं, त्यांच्याकडे ढाल आधीपासूनच होती. औषध बदलून निकामी करणारी एन्झाइमे मातीतल्या या जिवाणूंकडेही आहेत आणि रुग्णांत सापडणाऱ्या हट्टी जंतूंकडेही. ती मुळात मातीतूनच आली असावीत, असा तर्क बेन्व्हेनिस्टे आणि डेव्हिस यांनी १९७३ मध्येच मांडला होता. जिवाणू अशी जनुकं एकमेकांना देतातही. आपण उगाच गोळ्या घेतल्या, की बिनढालीचे मरतात आणि ढालवाल्यांना रान मोकळं.

तरी घरोघरी शिंक आली की केमिस्टकडे धाव! सर्दी विषाणूंची, तिला या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून. भाचेमंडळींना माझा हा जाच वाटतो, ठाऊक आहे. फोनवर विचारलंत तरी उत्तर हेच मिळेल.