पूल तुमचा, विहीर गावाची

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि गाडीसकट मुंबईकर तासाभरात आमच्या किनाऱ्यावर उतरू लागले. आवास, सासवणे, किहीम, नागाव. जाहिरातीत ‘प्रायव्हेट पूल’ हवाच. हरकत नाही, पोहा. पण एक सांगा, त्या पुलाचं पाणी शेवटचं कधी बदललं?

दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल पूल म्हणजे ७० हजार लिटर पाणी. जलजीवन मिशनचं मोजमाप आहे माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे हे पाणी पाच जणांच्या घराला आठ महिने पुरेल. पाणी हिरवं दिसलं की मालक मुंबईहून फोनवर सांगतो, “बदलून टाक.” बोअरचं बटण दाबलं की झालं!

हे पाणी खराब झालेलं नसतं, त्याचा तोल गेलेला असतो. पुलाचा पीएच ७.२ ते ७.८ मध्ये हवा. ७.५ ला क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारायच्या कामाचा असतो, ८ ला जेमतेम पाव. मग शेवाळ धरतं. केअरटेकर आणखी ब्लीचिंग पावडर टाकतो, तिने पीएच अजून चढतो. दोष त्याचा नाही. त्याला ना टेस्ट किट दिलं, ना कुणी शिकवलं. पीएच उतरवायला मोजून आम्ल, क्षारता वाढवायला खायचा सोडा, फिल्टर रोज चालू. एवढं केलं तर तेच पाणी वर्षानुवर्षं टिकतं. क्लोरीनच्या गोळ्यांतलं सायन्युरिक आम्ल फार साचलं, तर थोडं पाणी काढावं लागतं हे खरं. पण ते पावसाळ्यात काढा, वरून फुकट भरून मिळेल.

“बोअर आमची, वीजबिल आमचं,” असं उत्तर येतं. बिल विजेचं आलं, पाण्याचं नाही. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. भूजलशास्त्राचा ढोबळ नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर खालचं खारं पाणी सुमारे ४० मीटर वर सरकू शकतं. जमिनीखाली कुंपण नसतं. उपसा तुमच्या आवारात होतो आणि मचूळ होते शेजारच्या वाडीची विहीर, जिच्यावर नारळी-पोफळी उभी आहे. विहीर एकदा खारावली की गोडी व्हायला वर्षं जातात.

रोजगार देतो म्हणता? मग त्या रोजगारात पाचशे-हजाराचं टेस्ट किट आणि दोन दिवसांचं प्रशिक्षणही धरा. ग्रामपंचायतींनी पुलांची नोंद ठेवावी आणि बोअरला मीटर बसवून घ्यावा. आणि तुम्ही, पुढचा वीकेंड बुक करताना, वायफायच्या आधी दोन प्रश्न विचारा: पीएच कोण तपासतं? पाणी कधी बदललं? ‘दर आठवड्याला बदलतो, एकदम फ्रेश’ असं उत्तर आलं, तर दुसरं घर शोधा.