तबकडी खोटी की तराजू?

माल वजनात कमी भरला, तर जाणता व्यापारी आधी पोते परत पाठवीत नाही. तो तराजूची दांडी पाहतो, पारड्याखाली काही अडकले आहे का हे पाहतो, वजनांवरचा शिक्का तपासतो. तराजू निर्दोष आहे अशी खात्री झाल्यावरच मालाविषयी बोलतो. दुकानात अंगवळणी पडलेली ही रीत घरातील यंत्रांच्या बाबतीत मात्र बहुधा विसरली जाते.

कुडाळच्या बाजारपेठेत दोन-तीन पिढ्या व्यापार करणारे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. मुलगा परदेशी नोकरीला आहे. सुट्टीत येताना तो वडिलांसाठी शास्त्रीय वादनाची एक महागडी तबकडी आणतो. वेष्टनावर ‘सुपर ऑडिओ सीडी’ आणि ‘हायब्रिड’ असे शब्द छापलेले असतात, आणि ही तबकडी कोणत्याही सीडी प्लेअरवर वाजेल असे आश्वासनही असते. दिवाणखान्यातील पंचवीस वर्षांचा प्लेअर ती पोटात घेतो, क्षणभर घरघरतो आणि तबकडीच नाही असे सांगून मोकळा होतो. मग मुलाला कोणीतरी फसविले, असा निष्कर्ष निघतो. देणाऱ्याचे मन खट्टू होते, घेणाऱ्याला संकोच वाटतो आणि भेटवस्तू कपाटात जाते. वास्तविक या व्यवहारात बहुतेक वेळा माल चोख असतो. थकलेला असतो तो तराजू.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, १ ऑक्टोबर १९८२ रोजी, जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीस आला. या तबकडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा, प्रत्येकी १६ बिटांत होते. पुढे १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी सुपर ऑडिओ सीडी आणली. तिच्यात नोंद एकाच बिटाची असते. परंतु ती सेकंदाला २८,२२,४०० वेळा घेतली जाते. नव्या तबकडीसाठी नवा प्लेअर घ्यावा लागणार होता, आणि तेवढ्यासाठी गिऱ्हाईक थांबणार नव्हते. या अडचणीवर काढलेला तोडगा म्हणजे हायब्रिड तबकडी.

तिची रचना दुमजली आहे. तबकडीची जाडी सीडीइतकीच, म्हणजे १.२ मिलिमीटर. वाचल्या जाणाऱ्या बाजूकडून ०.६ मिलिमीटर खोलीवर उच्च प्रतीच्या ध्वनीचा अर्धपारदर्शक थर असतो, तर वरच्या छापील बाजूलगत नेहमीच्या सीडीचा थर असतो. सीडी प्लेअरचा लेसर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. तो मधला थर ओलांडून सीडीच्या थरापर्यंत पोहोचतो. नव्या प्लेअरमधील ६५० नॅनोमीटरचा लेसर मधल्या थरावरच थांबतो आणि त्यावरील बारीक नोंद वाचतो. दुकानदाराच्या दृष्टीने यातील सोय उघड होती: एकाच मालाचे दोन साठे करण्याऐवजी फळीवर एकच डबी, आणि गिऱ्हाईक जुन्या यंत्राचे असो वा नव्या, माल तोच. रोलिंग स्टोन्सच्या जुन्या संग्रहांच्या २००२ मधील पुनरावृत्त्या याच प्रकारच्या होत्या. पंडित विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या १९९४ साली ग्रॅमी मिळालेल्या ध्वनिमुद्रणाचीही पुढे हायब्रिड आवृत्ती निघाली.

अडचण येते ती प्रकाशाच्या हिशेबात. सीडीच्या लेसरला मधला थर जाताना एकदा आणि परतताना एकदा, असा दोनदा पार करावा लागतो. त्यात थोडा प्रकाश वाटेतच खर्च होतो. नव्या यंत्राला हा खर्च जाणवत नाही, कारण त्याच्या गाठीशी पुरेशी शिल्लक असते. जुन्या यंत्राची शिल्लक मात्र वर्षानुवर्षे घटत आलेली असते. लेसर क्षीण होतो, भिंगावर धुळीचा आणि धुराचा पापुद्रा बसतो, भिंग सरकविणाऱ्या दांडीवरचे ग्रीस घट्ट होते, कप्पा ओढणारा रबरी पट्टा सैल पडतो. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट, खाऱ्या हवेत जोडण्यांवर गंज चढतो आणि भिंगावर बुरशीही धरते. असे यंत्र साधी सीडी कशीबशी वाजविते, पण हायब्रिड तबकडीपुढे हात टेकते.

सुपर ऑडिओ सीडीसाठीच बनविलेले प्लेअरही आता वयस्क झाले आहेत. त्यांच्यात दोन तरंगलांबींची सोय असते आणि दोन्ही सारख्या वेगाने थकत नाहीत. म्हणूनच साध्या सीडी उत्तम वाजाव्यात आणि उच्च प्रतीचा थर वाचताच येऊ नये, असे घडते. अशा काही यंत्रांत सीडीचा थर निवडण्याची कळ असते. ती दाबल्यास तीच तबकडी निमूट वाजू लागते.

तेव्हा तपासणी क्रमाने करावी. प्रथम कंपनीची छापील साधी सीडी लावून पाहावी. ती अडखळली तर दोष यंत्राचा. नंतर हायब्रिड तबकडी दुसऱ्या घरच्या प्लेअरवर लावावी. तिथे वाजली तर तबकडीवरचा संशय फिटला. तबकडी पुसायची ती मऊ सुती कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल गोल पुसल्यास ओरखडा नोंदीच्या रेषेवरच पडतो. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून यंत्र बाहेर आणले, तर भिंगावर दव धरते. तासभर थांबूनच ते सुरू करावे. भिंग स्वच्छ करायचे झाल्यास वीज काढून, जाणकाराच्या हातून करावे. थिनर किंवा पेट्रोल त्याला लावू नये. चालू यंत्राच्या लेसरकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. काही कारागीर आतील स्क्रू फिरवून लेसरचा प्रवाह वाढवून देतात. यंत्र काही दिवस तरतरीत होते, पण थकलेल्या बैलाला पराणी टोचून गाडी ओढविण्यातलाच हा प्रकार. उरलेले आयुष्य त्याने लवकर संपते.

एवढे करूनही केवळ सीडीचाच थर वाजला, तर नुकसान किती? याचा शोध अमेरिकेत ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी घेतला. त्यांचा निबंध २००७ मध्ये ध्वनिअभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उच्च प्रतीचा ध्वनी आणि तोच सीडीच्या मापात बसविलेला ध्वनी ऐकवून फरक ओळखायला सांगितले, तेव्हा ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडविल्यासारखी निम्मी. मात्र अशा तबकड्यांचे मूळ ध्वनिमुद्रण आणि संस्करण अनेकदा अधिक काळजीने केलेले असते, हेही त्यांनी नोंदविले. आणि ती काळजी सीडीच्या थरातही पुष्कळदा उतरलेली असते. साठी ओलांडलेल्या कानांना तर फार उंच स्वर तसेही ऐकू येत नाहीत. केवळ या हौसेखातर जुना प्लेअर भंगारात काढण्याची घाई करण्याचे कारण नाही.

खरी चिंता निराळी आहे. सीडीचा थर संगणकावर उतरवून घरच्यासाठी प्रत ठेवता येते. उच्च प्रतीचा थर मात्र संगणकाच्या साध्या ड्राइव्हला वाचताच येत नाही. त्याला विशेष यंत्रच लागते. सोनीच्या प्लेस्टेशन ३ च्या सुरुवातीच्या नमुन्यांत ही सोय होती, नंतरच्या नमुन्यांतून ती काढली गेली. म्हणजे हा ऐवज अशा तिजोरीत आहे, जिच्या किल्ल्या बाजारात दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत. ज्या घरी चालू स्थितीतील असा प्लेअर असेल, त्याने तो कोरड्या जागी ठेवावा आणि पावसाळ्यातही अधूनमधून चालवावा. सीडीच्या थराची प्रत तर आजच करून ठेवावी.

आणखी एक काम खर्चाचे नाही. तबकडीच्या डबीत एक चिठ्ठी ठेवावी: कोणी दिली, कोणत्या साली, कोणत्या यंत्रावर वाजते, कोणता थर वाजतो, प्रत कोठे ठेवली आहे. उधारीची नोंद जशी वहीत राहते म्हणून पुढच्या पिढीला वसुली करता येते, तसेच हे आहे. ज्याला सगळे ठाऊक असते तो माणूस घरात नेहमीच असतो असे नाही. त्याच्या मागे कपाट आवरणाऱ्याच्या हाती न वाजणारी तबकडी लागेल, तेव्हा ती टाकायची की ठेवायची हे त्या चार ओळींवर ठरेल.